लई तापल्याली चांदणी

बेचाळीस सालची गोष्ट, विंझरची. सारजाबाईचा दीर कुंडलिक टेलिफोनच्या तारा तोडून आलेला, चार दिवस घरच्याच माळ्यावर दडलेला. पुढच्या पडवीत तिचा नवरा हैबती लोहार घण मारतोय, सारजाबाई भाता ओढतेय, आणि भर दुपारी दारात एक चष्मेवाला उभा! हातात ही एवढी पेटी.

"मी कॉलेजातला. ताऱ्यांचा उजेड लोलकातून फोडतो आणि रंगांवरून त्यांचे वर्ग लावतो. आठवडाभर तुमच्या माळ्यावर जागा द्याल?"

हैबतीचा घण हवेतच थांबला. गावात एवढी घरं, आणि ह्याला नेमका आमचाच माळा हवा? सारजाबाईनं मात्र भाता काही थांबवला नाही.

"चांदण्यांच्यात बी जाती असत्यात व्हय, सायेब?"

"असतात ना! निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या."

"मंग त्यातली लई तापल्याली कंची वो?"

"तांबडी! तुमचा निखाराच बघा ना, बाई."

"व्हय की! बसा, गूळपाणी आणते."

आत गेली ती थेट माळ्याच्या शिडीपाशी.

"भावजी, मागल्या दारानं डोंगर गाठा. पोलिसाचा मानूस आलाय."

"कशावरनं, वैनी?"

"अवो, तांबडं लोखंड निम्मंच तापल्यालं असतं, पुरतं तापलं की पांढरं पडतं. भाता वढून मला कळतं, आन् रंगावरनं वर्ग लावणाऱ्याला कळंना व्हय?"