हलका हात

“गुळाचा डबा कुठं लपवलाय, ते सांगा आधी.”

“कंचा डबा, सागर?”

गंगासागरबाईनं उतरंड उतरवली, गोधड्या झटकल्या, देव्हाऱ्यामागं हात घातला. गूळ काही सापडेना. रक्तातली साखर मोजायचं मशीन मात्र आजही चारशे ऐंशी दाखवत होतं.

तिच्या नवऱ्यानं, सिद्धेश्वरअप्पांनी, चाळीस वर्षं पाटोद्याच्या बाजारात जिलेबी तळली होती. पाक बोटाला लागला की बोट तोंडात, असा माणूस. त्याच्या पथ्यावर कोण विश्वास ठेवणार? बायको तर मुळीच ठेवत नव्हती.

“मन्मथस्वामीची आण घेतो. गोडाचा कण खाल्ला न्हाई.”

“देवाला तरी सोडा!”

महिन्यापूर्वी बीडच्या दवाखान्यात पाच दिवसांत हीच साखर ताळ्यावर आली होती. तिथल्या माया सिस्टरनं तिला इन्सुलिनचं पेन शिकवलं. झाकण काढायचं, पेन पोटाला दाबायचं, बटण दाबून दहा मोजायचे.

“सुई आत लपलेली असती, मावशी. दाबलं की आपोआप टोचती. तुमाला दिसायची बी न्हाई.”

सुईला भिणाऱ्या गंगासागरबाईचा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर तिनं पाटोद्याच्या मेडिकलातून सुयांचा डबा आणला आणि एकही वेळ चुकवली नाही. नवी सुई लावायची, झाकण काढायचं, दाबायचं, मोठ्यानं दहा मोजायचे. मग अप्पांचं पोट पदरानं टिपून सदरा खाली ओढायचा.

“तुजा हात लई हलका,” अप्पा म्हणायचे. “टोचल्यालं कळत सुदिक न्हाई.”

एवढ्या कटकटीत तेवढंच तिला बरं वाटायचं.

पण साखर उतरेना. अप्पा घागर रिकामी करायचे, तरी घसा कोरडा. सदरा अंगावर लोंबायला लागला. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला आणि तिला काही सुचेना. तिनं चहा तोडला, भात तोडला, भाकरी अर्धी केली. बाहेर जाताना दाराला कुलूप घालू लागली. आतून अप्पा म्हणायचे, “सागर, भूक लागली गं.” ती कान झाकून निघून जायची.

गुळाचा डबा शोधला त्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पा उठलेच नाहीत. शेजारच्या संगमेशनं त्यांना जीपमध्ये घातलं. बीडच्या वाटेवर मांजरसुंब्यापाशी त्यांनी जरा डोळे उघडले.

“सागर... न्हाई खाल्लं गं.”

“आता तरी खरं बोला हो!” ती ओरडली, आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

बीडला अप्पांना थेट आत नेलं. बऱ्याच वेळानं माया सिस्टर बाहेर आल्या. त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या.

“मावशी, इन्सुलिन कसं देता, दाखवा बरं.”

“माजं काय बघता? एक दिस चुकला न्हाई. त्येंच्या जिभेला आवरा.”

तरी तिनं पिशवीतून पेन काढलं. नवी सुई बसवली, झाकण काढून बाजूला ठेवलं, पेन आपल्याच तळहातावर दाबलं आणि दहा मोजले.

सिस्टरनं तिच्या हातातून पेन घेतलं. टोकाला अजून एक बारीकशी निळी टोपी होती. “दवाखान्यातल्या सुईला ही आतली टोपी नसती, मावशी,” म्हणत सिस्टरनं ती चिमटीत धरून ओढली.

आत केसाएवढी सुई होती. गंगासागरबाई ती आज पहिल्यांदाच पाहत होती.