गालिया खालाचं नाक

"खाला, आला का वास?" जाळं खांद्यावर घेऊन उभ्या मुफर्रिहनं तिसऱ्यांदा विचारलं.

गालिया खालानं डोळे मिटून खोल श्वास घेतला. काहीच नाही.

तांबड्या समुद्रातल्या फरसान बेटाच्या या किनाऱ्यावर मासे कधी येणार, हे चाळीस वर्षं तीच वासावरून सांगत आली होती. वसंतातल्या पौर्णिमेनंतर एका रात्री प्रवाळ अंडी सोडतात. सकाळी त्यांचा उग्र दर्प वाऱ्यावर येतो आणि त्यामागोमाग हरीद माशांच्या झुंडी उथळ पाण्यात शिरतात. खाला म्हणायची, "आला!" की सगळं गाव जाळी घेऊन पाण्यात धावायचं.

गेल्या उन्हाळ्यात मात्र समुद्र फार तापला. प्रवाळ पांढरेफटक पडले. ते जगले की मेले, हे आज कळणार होतं.

आणि नेमकं हिवाळ्यातल्या तापात खालाचं नाकच गेलं होतं. तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. आत्ताही आपल्या गळ्यातला, नातीनं घातलेला मोगऱ्याचा गजरा तिनं नाकाशी धरून पाहिला. नुसता ओला गारवा.

"नाक वर करून किती वेळ उभी राहणार, गालिया?" शेजारची हलीमा ओरडली. "मान मोडेल!"

बायका हसल्या. पुरुषांनी डोक्यावरच्या रुमालांची टोकं नाकातोंडावरून घट्ट गुंडाळली होती. वारा झोंबत असेल, खालाला वाटलं. ती परत समुद्राकडे बघत राहिली. "आला" म्हणावं तर खोटं. "नाही" म्हणावं तर प्रवाळ मेले असं समजून सगळे घरी जाणार, आणि चूल पेटवायलाही कोणाचा हात उठणार नाही.

तिनं गजरा सोडून दिला आणि गावाकडे तोंड केलं.

"माझ्यावर राहू नका रे पोरांनो. माझं नाक मेलंय, हिवाळ्यापासून. तुम्हीच हुंगून बघा."

मग हलीमा फिसकन हसली. तिच्या बाजूच्या दोघी हसल्या, आणि बघता बघता हसू किनाराभर पसरलं. मुफर्रिहनं तोंडावरचा रुमाल खाली ओढला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अगं खाला, पहाटे फजरच्या नमाजापासून नाकं जळतायत आमची! पण तू 'आला' म्हटल्याशिवाय पाण्यात पाय कोणी टाकायचा?"