खिडकीजवळचं ताट

ओहायोतल्या माझ्या शेतावरचं जुनं घर दुरुस्त करायला आलेले आमिश या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाचे सुतार तिघेच होते, बेन्युएल आणि त्याचे दोन भाऊ. जेवायला मात्र ते ताटं चार मांडायचे. चौथं वेगळ्या टेबलावर, खिडकीजवळ.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"आमच्या चर्चच्या मंडळीनं वाळीत टाकलेल्याचं," बेन्युएल म्हणाला. "त्याच्याबरोबर एका टेबलावर आम्ही जेवत नाही. त्याच्या हातून काही घेतही नाही."

"अहो, पण तो आहे कुठे?"

बेन्युएल पावाला लोणी लावत राहिला. माझं डोकंच फिरलं. घर माझं, आणि मलाच उत्तर नाही! ताट उचलून मी त्यातल्या नूडल्स कोंबड्यांपुढे फेकल्या.

"असली थेरं माझ्या घरात चालायची नाहीत!"

दुपारी शिडीवरच्या बेन्युएलचा हातोडा निसटून खाली पडला. मी तो उचलून वर धरला. त्यानं हात पुढे केला नाही.

"खाली ठेवा. मी उतरून घेतो."

"का? आता मलाही वाळीत टाकलंत?" मी कडाडले.

"तुम्हाला कशाला, बाई?" तो माझ्या हाताकडे बघत हळूच म्हणाला. "हातोडा त्यानंही धरलाय."

संतापून मी मूठ उघडली.

हातोडा पडला नाही.