बिंगो लागलेली बाई

जहाजावरच्या हॉलमध्ये बिंगो रंगला होता. मागच्या रांगेत, मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बाईचे सगळे आकडे लागले, तरी ती गप्पच. शेवटी शेजारणीनेच तिचा हात धरून वर केला. बाळाला कडेवर घेऊन ती नाइलाजाने स्टेजवर गेली.

“आजी, कोणाबरोबर आलात?” निवेदकाने माइक पुढे केला.

सहलीला आलेल्या आपल्या ऑफिसच्या मंडळींत बसलेले एक साहेब एकदम खाली बघू लागले.

“त्या साहेबांबरोबर,” ती म्हणाली. “त्यांचं बाळ सांभाळते मी.”

टाळ्या पडल्या. ती खाली उतरली, तेव्हा साहेब बाळाला घ्यायला पुढे आले आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, “थँक्स, आई.”