लाल की चंदेरी

"पडली तर इंजिन आपोआप बंद होतं का?" म्हाताऱ्याने विचारलं.

मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शोरूममध्ये येणारे लोक आधी रंग बघतात, मग मायलेज विचारतात आणि घरी विचारून सांगतो म्हणून निघून जातात. पडल्यावर काय होतं हे विचारणारा माणूस खरोखर पडलेला असतो.

"होतं ना! दोन्ही गाड्यांत होतं," ते म्हणाले.

मास्तर होते गाड्या विकणारे, पण गिऱ्हाइकाला शाळेतल्या पोराला शिकवावं तसं शिकवत, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. गाडी कशासाठी हवी, असं ते कुणालाच विचारत नसत. माणूस दारातून आत आला की आपल्याला कळतं, अशी त्यांना घमेंड होती. आणि या म्हाताऱ्याचं तर सगळं उघडच होतं. एका पायाने लंगडत होता, कोपरांवर जुने व्रण, मनगट जरासं वाकडं. सोबत तिशीची मुलगी, तिच्या हातात रंग उडालेलं हेल्मेट. दूरदूर भटकणारे पक्के बापलेक, मास्तरांनी ताडलं.

समोर दोन गाड्या उभ्या होत्या, दोन्ही स्पोर्ट-टूरिंग. वाऱ्यासारखं पळायचं तर पळा, पेट्या लावून मुलूख पालथा घालायचा तर घाला. एक चंदेरी, एक लाल.

लाल गाडीवर मास्तरांचा जीव जडला होता. रोज सकाळी ते ती स्वतःच्या हाताने पुसत. घरी बायको तिला सवत म्हणे. मणका सरकल्यापासून डॉक्टरांनी त्यांची दुचाकी बंद केली होती, तेव्हा ही गाडी आपल्या नशिबात नाही हे ते जाणून होते. निदान ती जाणत्या हाती पडावी, कुणीतरी तिला जन्मभर जपावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ऐऱ्यागैऱ्याने लाल मागितली की ते गोडीगुलाबीने चंदेरी त्याच्या गळ्यात मारत. चंदेरी गाड्या येत होत्या, जात होत्या. लाल तिथेच.

"ती विकायला आणलीय की नांदवायला?" मालक विचारत.

"माणूस येऊ द्या तसा," मास्तर म्हणत.

आज माणूस आला होता.

"हात सोडले तर सरळ जाते का?" मुलीने विचारलं.

"चंदेरी जरा डावीकडे ओढते. पण ही लाल?" मास्तरांचे डोळे चमकले. "सुतासारखी सरळ! पेट्या भरलेल्या असल्या तरी."

म्हातारा लांब दारापाशी गेला आणि एक डोळा मिटून दोन्ही गाड्या बाजूने न्याहाळू लागला. "लांबून कुठली उठून दिसेल? धुकं असलं तर?"

"लालच! डोंगराच्या त्या टोकावरून दिसेल." किती काळजी हो बापाला लेकीची, मास्तरांना भरून आलं.

मुलगी दोन्ही गाड्या फिरवून आणायला निघाली. आधी चंदेरी. मग लाल. कोपऱ्यावरच्या वळणाला तिने लाल गाडी अशी झुकवली की गुडघा रस्त्याला टेकतोय असं वाटावं, आणि तितक्याच अलगद ती सरळ केली. मास्तर फुटपाथवर उभे राहून लहान पोरासारखे टाळ्या पिटत होते. मालकही काचेआडून बघायला लागले.

ती परतली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. इंजिन बंद केलं तरी ती उतरेना. टाकीवरून हात फिरवत बसली.

"कशी आहे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"अशी गाडी मी आजवर चालवली नाही, बाबा." मग ती पटकन उतरली. "आपण चंदेरीच घेऊ."

मास्तरांच्या पायाखालची जमीनच सरकली. "अहो, का पण?"

"लाल फार चांगली आहे," ती म्हणाली.

"चांगली आहे म्हणून नको? असं कुठे असतं का!"

म्हातारा मान हलवत म्हणाला, "तिचं बरोबर आहे. आमच्या कामाला चंदेरीही चालेल."

"चालेल काय? तुमच्यासारख्यांनी चालेल म्हणायचं?" मास्तर आता पेटले. तोल, ब्रेक, इंजिनाचा जोर, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटी लाल गाडीच्या सीटवर हात ठेवून ते म्हणाले, "हे बघा, या गाडीला मी आजवर कुणाला हात लावू दिला नाही. ताईंना चालवताना पाहिलं आणि ठरवलं. दिली तर यांनाच."

मुलगी काही बोलणार होती. म्हाताऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"नीट विचार केलाय ना? तुमचा जीव दिसतोय तिच्यावर."

"म्हणूनच तर देतोय!"

"मग घेतली," म्हातारा म्हणाला. त्याने भावही केला नाही.

मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी सगळ्यांना पेढ्यासारखी बातमी वाटली. गाडी शेवटची पुसली. मग हौसेने म्हणाले, "टाकी काठोकाठ भरून देतो. आमच्याकडून!"

"नको, नको. घोटभर पुरे," म्हातारा घाईने म्हणाला.

बरोबरच आहे, मास्तरांना वाटलं. पक्के लोक आपल्या ओळखीच्या पंपावरच भरतात.

किल्ली देताना त्यांना राहवलं नाही. "ताई, एक मागू? पहिल्या घाटात गेलात की हिचा एक फोटो पाठवा. भिंतीवर लावीन."

मुलीने मान खाली घातली आणि उगाच हेल्मेटचा पट्टा सोडून पुन्हा बांधू लागली.

"फोटो कशाला? सिनेमातच बघा की," म्हातारा लंगडत पुढे येऊन म्हणाला. "पोरगी वळणावर उडी टाकते आणि गाडी जाते दरीत. तुम्ही म्हणालात तशी, सुतासारखी सरळ."