कापलेलं आकाश

मिनेसोटातल्या सत्तरीच्या हार्लनने लढाऊ विमानांच्या आपल्या जुन्या गेमसाठी नवा रुंद स्क्रीन आणला, तर विमानातली गोल मीटरं अंड्यासारखी चपटी दिसायला लागली. दोन्ही बाजूंचं आकाश कापलेलं वाटे, शत्रू तिकडूनच येऊन त्याला पाडे. रविवार असल्याने सकाळपासून तो गेम बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

शेवटी लेक क्रिस्टन आली आणि तिने गेमच्या फाइलमधले दोन आकडे बदलले. मीटरं गोल झाली, आकाश या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलं.

"घ्या बाबा. आता तरी तोंड आवरा."

हार्लनने विमान उडवलं आणि मिनिटाभरात टेबलावर मूठ आपटली. "परत पाडलं! काय कपाळ दुरुस्त केलंस? बाजूचं अजून कापलेलंच आहे!"

"अहो, ते काय डावीकडे! केवढं लालभडक विमान आहे!"

"कुठंय? मला वेड्यात काढतेस?" समोर बघत तो ओरडला.

क्रिस्टनने त्याच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला हात हलवून पाहिला; त्याला पत्ताच नव्हता.



मग उठून तिने दाराजवळच्या खिळ्यावरच्या, तो रोज सकाळी चालवायचा त्या शाळेच्या पिवळ्या बसच्या किल्ल्या आपल्या खिशात टाकल्या.