धाकटीचे पाहुणे

धाकटीच्या नव्या घरी तिच्या ऑफिसातली माणसं पहिल्यांदाच जेवायला येणार होती, म्हणून थोरली बहीण सकाळपासून तिच्या स्वयंपाकघरात उभी होती. तिनं नूडल्स उकडून बर्फाच्या पाण्यात गार केल्या. लाल-पिवळी ढोबळी मिरची, गाजर, काकडी, जांभळा कोबी सगळं काड्यांसारखं बारीक चिरलं आणि त्यावर दही-क्रीमचं दाटसर ड्रेसिंग घातलं. आई गेल्यावर धाकटी भाज्यांना तोंड लावेना, तेव्हा थोरलीनंच हा प्रकार शोधून काढला होता.

पाहुणे आले, हसण्याखिदळण्याचे आवाज येऊ लागले, तरी तिला कुणी बाहेर बोलावलं नाही. गडबडीत राहून गेलं असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली.

तेवढ्यात एक पाहुणी रिकामी प्लेट घेऊन आत आली.

"सॅलड तुम्हीच केलंत ना? काय चव आहे हो तुमच्या हाताला. पुढच्या रविवारी आमच्याकडे याल? हिच्याकडे तुमचा नंबर मागितला, तर म्हणते, आमची स्वयंपाकाची बाई दुसरीकडे जात नाही."

पाहुणीच्या मागोमाग आलेली धाकटी दारातच थबकली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

थोरलीनं चमचा ओट्यावर ठेवला आणि बराच वेळ हात पुसत राहिली.

"खरं आहे त्यांचं," ती पाहुणीला म्हणाली. "मी फक्त या ताईंकडेच करते."